स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक संगीतकार व्हायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली अकरा वर्षं मी पुण्यात, घरातल्या एका खोलीत बसून इलेक्ट्रॉनिक संगीत करते आहे. त्यातली शेवटची पाच वर्षं घर त्यावरच चालतंय. लातूर, धुळे, सांगली, वसई इथून मुलं-मुली सतत काही ना काही विचारत असतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र केलेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. घाईत असाल तर १०, ११ आणि १३ तेवढे वाचाच. सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं.

१. ताई, इलेक्ट्रॉनिक संगीतकार म्हणजे डीजेच ना?

नाही. आपल्याकडे तर हा गोंधळ दुहेरी आहे. महाराष्ट्रात 'डीजे' म्हटलं की आधी मिरवणुकीतली स्पीकरची भिंत डोळ्यांसमोर येते. क्लबमधला डीजे वेगळा. तो तयार ट्रॅक निवडतो, एकात एक मिसळतो आणि समोरच्या गर्दीचा अंदाज घेत रात्र पुढे नेतो. ते अवघड कसब आहे. प्रोड्युसर ट्रॅक मुळापासून बांधतो: किकचा (मोठ्या ड्रमचा) ठोका कसा हवा, बेस (खर्जातली चाल) कुठे शिरणार, कुठे सगळं थांबवून नुसता श्वास ठेवायचा. बरेच जण दोन्ही करतात. इथे मी प्रोड्युसरच्या वाटेबद्दल बोलतेय.

२. 'इंडिपेंडंट' म्हणजे नक्की काय? लेबल नाही म्हणजे इंडिपेंडंट का?

लेबल, म्हणजे संगीत काढणारी कंपनी, असणं-नसणं दुय्यम आहे. मालकी कोणाची, हा खरा प्रश्न. एका ट्रॅकमध्ये दोन मालमत्ता असतात. एक म्हणजे रचना: चाल, सुरावट आणि शब्द असतील तर शब्द. दुसरी म्हणजे ध्वनिमुद्रण, ज्याला सगळे 'मास्टर' म्हणतात. भारतीय कायद्यानुसार रचनेचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, तर ध्वनिमुद्रणाचा प्रसिद्धीनंतर ६० वर्षं. ट्रॅक तयार झाला त्या क्षणी हे हक्क आपोआप तुमचे होतात, नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी केलीत तर वादाच्या वेळी पुरावा हाताशी राहतो. रचनेसाठी ५०० आणि ध्वनिमुद्रणासाठी २,००० रुपये शुल्क आहे.

हे दोन्ही हक्क ज्याच्या हातात आहेत तो इंडिपेंडंट, मग तो कोणाबरोबरही काम करो. खालची बहुतेक उत्तरं या एका गोष्टीपाशी येऊन थांबतात.

३. सुरुवातीला किती खर्च येतो? मोठा लॅपटॉप लागतो का?

आहे तो लॅपटॉप चालतो, फक्त रॅम ८ जीबीच्या खाली नको. पैसे आधी चांगल्या बंदिस्त हेडफोनवर घाला, मग जमेल तेव्हा साध्या ऑडिओ इंटरफेसवर (माइक आणि वाद्यं लॅपटॉपला जोडायची पेटी). मॉनिटर स्पीकर, म्हणजे ट्रॅक पारखायचे स्पीकर, नंतर. छोट्या खोलीत उघड्या भिंतींमधून बेस घुमतो आणि स्पीकर कितीही महाग असला तरी खोटंच ऐकवतो.

सॉफ्टवेअरमध्ये एफएल स्टुडिओ आपल्याकडे जास्त चालतो. एकदा घेतलं की पुढच्या आवृत्त्या फुकट मिळतात. त्याच्या चाचणी आवृत्तीत मात्र सेव्ह केलेलं काम पुन्हा उघडता येत नाही, हे आधीच माहीत असू द्या. रीपर ६० दिवस पूर्ण वापरून पाहता येतं आणि वैयक्तिक वापराचा परवाना ६० डॉलरला आहे. बऱ्याच इंटरफेस आणि मिडी कीबोर्डबरोबर (सॉफ्टवेअरमधले आवाज वाजवायच्या पट्ट्या) एबलटन लाइव्हची छोटी आवृत्ती येते, पहिलं वर्षभर तीही पुरते. क्रॅक, म्हणजे परवाना तोडून वाटलेली आवृत्ती, वापरू नका. त्यातून व्हायरस तर येतोच, शिवाय उद्या एखाद्या कंपनीचं काम आलं आणि परवाना विचारला तर तोंड लपवावं लागतं.

४. घरचे म्हणतात, हे आपलं संगीतच नाही. काय सांगू?

त्यांना दोन गोष्टी सांगा. १९६९ मध्ये अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझरचा (विजेवर आवाज घडवणारं वाद्य) स्टुडिओ उभा केला आणि गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथूर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तिथे इलेक्ट्रॉनिक रचना केल्या. त्या टेप अनेक वर्षं पडून होत्या. पॉल पुर्गस यांना त्या सापडल्या आणि २०२३ मध्ये त्यांचा संग्रह निघाला.

दुसरी गोष्ट मुंबईची. हिंदी चित्रपटांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडची तीन यंत्रं जोडून दहा रागांची तबकडी काढली. ज्युपिटर-८ वर राग, टीआर-८०८ वर ठेका आणि टीबी-३०३ वर बेस. त्याच टीबी-३०३ मधून शिकागोच्या तरुणांनी काही वर्षांनी 'अॅसिड हाउस' हा नाचाच्या संगीताचा प्रकार घडवला. चरणजित सिंग यांची तबकडी तेव्हा फारशी खपली नाही, २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभरातले लोक चकित झाले.

आणि ऑक्टोपॅड? वाड्या-वस्त्यांवरच्या ऑर्केस्ट्रात, बेंजो पार्टीत तो कित्येक वर्षं वाजतोय. ते इलेक्ट्रॉनिक वाद्यच आहे. पॅडवर लावणीचा ठेका बिनचूक वाजवणाऱ्या मुलानं स्वतःला या क्षेत्रात परका समजायचं काहीच कारण नाही.

५. माझे चाळीस ट्रॅक अर्धवट आहेत. एकही पूर्ण होत नाही.

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. आठ मात्रांचा लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) छान जमतो, आपण तो दोन तास ऐकत बसतो आणि मग कान मरतो. उपाय कोरडा आहे, पण चालतो: पहिल्याच दिवशी लूप पसरून चार मिनिटांची लांबी भरा. वाईट चालेल. दुसऱ्या दिवसापासून फक्त काढत जा. कुठे किक नको, कुठे बेस उशिरा, कुठे नुसता तानपुरा. नवा आवाज शोधायला त्या दिवसानंतर बंदी.

मिक्ससाठी, म्हणजे सगळ्या आवाजांचा तोल साधायला, मोबाइलच्या स्पीकरवर एकदा आणि कोणाच्या तरी गाडीत एकदा ऐका. मोबाइलवर बेसची चाल ऐकूच येत नसेल तर तिच्यात वरचे स्वर मिसळायला हवेत.

६. ट्रॅक स्पॉटिफायवर कसा चढवायचा?

थेट नाही, डिस्ट्रिब्युटरमार्फत, म्हणजे ट्रॅक अशा सेवांपर्यंत पोचवणाऱ्या कंपनीमार्फत. काही डिस्ट्रिब्युटर वर्षाला ठराविक रक्कम घेतात, काही कमाईतला हिस्सा. वार्षिक रकमेच्या पद्धतीत भरणा थांबला की काही ठिकाणी तुमचे ट्रॅकच उतरवले जातात, ती अट वाचा. फाइल वेव्ह (WAV) प्रकारची, २४ बिट. मुखपृष्ठ ३,००० गुणिले ३,००० पिक्सेल. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा १२ अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो. तो जपून ठेवा, कारण डिस्ट्रिब्युटर बदलताना तोच क्रमांक दिला तरच जुनी स्ट्रीमची संख्या टिकते.

आवाज फार दाबून मोठा करण्यात अर्थ नाही. स्पॉटिफाय ऐकवताना सगळ्यांना साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) पातळीवर आणतं. प्रकाशनाची तारीख चार आठवडे पुढची ठेवा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे ट्रॅक किमान सात दिवस आधी पाठवला तर तो तुमच्या फॉलोअरना दर शुक्रवारी मिळणाऱ्या नव्या गाण्यांच्या यादीतही जातो. आणि नावाचं स्पेलिंग पहिल्या दिवशी ठरवा, मग बदलू नका. दोन स्पेलिंग म्हणजे दोन कलाकार, असंच ती यंत्रणा धरते.

७. एका स्ट्रीमला किती पैसे मिळतात?

ठराविक दर नाही. महिन्याच्या जमा रकमेतून एकूण स्ट्रीममधल्या तुमच्या वाट्यानुसार पैसे येतात. ज्या देशात वर्गणी स्वस्त आणि फुकट ऐकणारे जास्त, तिथला वाटा कमी. त्यामुळे भारतातले स्ट्रीम आणि जर्मनीतले स्ट्रीम यांची किंमत सारखी येत नाही. शिवाय २०२४ पासून स्पॉटिफायवर एखाद्या ट्रॅकला १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम झाले नाहीत तर त्याचे पैसेच मिळत नाहीत. माझी पहिल्या पूर्ण वर्षाची स्ट्रीमिंगची कमाई ३४० रुपये होती. म्हणून स्ट्रीमिंगकडे मी माझं काम मांडून ठेवायची जागा म्हणून बघते. पोट भरतं ते प्रश्न ९ मधल्या गोष्टींवर.

८. दोन हजार रुपयांत एक लाख स्ट्रीम देतो म्हणतात. घेऊ का?

घेऊ नका. ते स्ट्रीम यंत्रांचे असतात आणि ओळखू येतात. स्पॉटिफाय त्याबद्दल डिस्ट्रिब्युटरला दंड लावतं, डिस्ट्रिब्युटर तो तुमच्याकडून वसूल करतो किंवा ट्रॅक काढून टाकतो. 'प्लेलिस्टमध्ये नक्की जागा' विकणारेही त्यातलेच.

९. मग पैसा येतो कुठून?

माझ्याकडे निम्म्याहून जास्त पैसा पार्श्वसंगीतातून येतो: जाहिराती, माहितीपट, कंपन्यांच्या फिल्म, नाटकं. बाकीचा गिगमधून (स्टेजवरचे कार्यक्रम), दुसऱ्यांचे ट्रॅक मिक्स करण्यातून आणि आठवड्यातून दोन दिवस शिकवण्यातून. बँडकॅम्पवर श्रोता थेट विकत घेतो, तिथे डिजिटल विक्रीतले १५ टक्के ते ठेवतात. परदेशी श्रोत्यांसाठी ती उत्तम जागा आहे. मात्र तिथले पैसे पेपाल या ऑनलाइन सेवेतून येतात आणि पेपालनं १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे देण्याची सोय बंद केली, त्यामुळे इथल्या श्रोत्यांसाठी विक्रीची वेगळी सोय करून ठेवा.

यात एक साखळी आहे. पार्श्वसंगीताचं काम देणाऱ्या माणसानं आधी माझा कुठलातरी ट्रॅक ऐकलेला असतो. ते काम मिळतं कारण ट्रॅक पूर्ण होता, आणि तो मी विकू शकते कारण तो माझा आहे.

आयपीआरएसचं सदस्यत्वही घ्या. १९६९ मध्ये स्थापन झालेली ही संस्था रचनाकारांची रॉयल्टी गोळा करते. डिस्ट्रिब्युटर तुम्हाला देतो ते मास्टरचे पैसे, रचनेचे पैसे या वाटेनं येतात. सदस्य होऊन ट्रॅक नोंदवले नाहीत तर मात्र हाती काही लागत नाही.

१०. जुन्या लावणीचा तुकडा ट्रॅकमध्ये घेतला तर चालेल का? फक्त सहा सेकंद आहे.

'अमुक सेकंदांपर्यंत चालतं' हा नियम कायद्यात कुठेच नाही. तुकडा ओळखू आला की परवानगी हवी, आणि ती दोन ठिकाणी: ध्वनिमुद्रणाच्या मालकाकडे आणि रचनेच्या मालकाकडे.

उदाहरण घ्या. तबकडी १९५८ ची असेल तर ध्वनिमुद्रणाचा हक्क २०१८ च्या अखेरीस संपला. पण चाल बांधणारे १९९० मध्ये गेले असतील तर रचनेचा हक्क २०५० च्या अखेरपर्यंत त्यांच्या वारसांकडे किंवा त्यांनी ज्याला दिला त्याच्याकडे आहे. 'पारंपरिक' गाण्याचंही तसंच. ओवीला मालक नाही, पण १९९५ साली एखाद्या कंपनीनं मुद्रित केलेल्या ओवीला आहे. तीच ओवी तुमच्या आजीकडून गाऊन घ्या, प्रश्न मिटला.

खरं सांगायचं तर मला दुसरा मार्ग जास्त आवडतो, स्वतःचे आवाज गोळा करण्याचा. सासवड रस्त्यावर एका रसवंतीवाल्या काकांना विचारून मी त्यांचा चरखा मुद्रित केला होता. मोटारीवर चालणारा चरखा, पण घुंगरांचा पट्टा जुनाच. माइक चाकापासून वीतभर अंतरावर धरला. ऊस आत जाताना मोटारीवर भार येतो, चाक जरा मंदावतं आणि घुंगरांची लय किंचित मागे रेंगाळते, चिपाड बाहेर पडलं की पुन्हा सावरते. ते रेंगाळणं कुठल्याही विकतच्या लूपमध्ये नाही. घरी येऊन त्याचे सोळा तुकडे केले, खालचा मोटारीचा घुमारा कापला आणि हाय-हॅटच्या (ड्रमसंचातल्या झांजेच्या) जागी बसवले. काकांनी दुसऱ्या दिवशी ट्रॅक मोबाइलवर ऐकला आणि म्हणाले, "पट्टा सैल झालाय, मला ऐकू येतंय." तो ट्रॅक आज माझ्याकडे सगळ्यात जास्त मागितला जातो, आणि त्यातल्या एकाही आवाजासाठी मला कोणाचं दार ठोठावावं लागत नाही.

११. पैसे देऊन घेतलेला लूप वापरला, तरी यूट्यूबवर कॉपीराइट क्लेम आला. असं कसं?

लूप 'रॉयल्टी-फ्री' असला तरी तो एकट्या तुमचा नसतो, तोच लूप हजारो जणांनी घेतलेला असतो. त्यातल्या एखाद्यानं आपला ट्रॅक यूट्यूबच्या कंटेंट आयडीत नोंदवला की यंत्रणा तोच आवाज तुमच्यात ओळखते आणि क्लेम लावते. लूपचा परवाना आणि पावती जोडून वाद दाखल करा, बहुतेक वेळा क्लेम सुटतो.

उलट बाजू जास्त महत्त्वाची आहे. तुमच्या ट्रॅकमध्ये असा विकतचा लूप जसाच्या तसा असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या अर्जात कंटेंट आयडीवर खूण करू नका. नाहीतर तुम्ही दुसऱ्या कोणाच्या तरी कष्टांवर क्लेम लावाल. लूपचे तुकडे करून, सूर बदलून तो ओळखू येणार नाही इतका बदलला असला तरी परवान्याची अट वाचूनच ठरवा.

१२. संबळवादकाला बोलावून वाजवून घेतलं. पैसे दिले. आता संपलं ना?

नाही. वादकाला सादरकर्ता म्हणून कायद्यानं वेगळा हक्क आहे, तो ५० वर्षं टिकतो. त्याच दिवशी एका पानावर मराठीत लिहून घ्या: कोणत्या ट्रॅकसाठी, किती रक्कम, पुढच्या कमाईत वाटा आहे का, नाव कसं छापायचं. वाचून दाखवा, मग सही. लोककलावंतांना रोख हातात देऊन विसरून जाण्याची आपल्याकडची सवय मला पटत नाही. ट्रॅकचा जीव त्यांच्या हातात असेल तर वाटा द्या आणि नाव आधी लिहा.

जोडीनं ट्रॅक करत असाल तरी हेच लागू: टक्केवारी ट्रॅक संपला त्या संध्याकाळी लिहायची, हिट झाल्यावर नाही.

१३. एका लेबलनं करार पाठवलाय. सही करू का?

दुसऱ्या वर्षी मी चार ट्रॅक १५,००० रुपयांना कायमचे देऊन टाकले. त्या वेळी ती रक्कम फार मोठी वाटली, कोणी विचारलं याचाच आनंद होता. परवा त्यातला एक ट्रॅक मी एका दुकानात ऐकला. थांबून पूर्ण ऐकला. तो माझा नाही.

म्हणून तीन ओळी शोधा. मुदत किती, प्रदेश कोणता आणि कोणते हक्क. करारात मुदत लिहिलेली नसेल तर आपला कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश नसेल तर भारतापुरता. हक्क घेतल्यापासून वर्षभरात वापरलाच नाही तर, करारात वेगळं लिहिलं नसल्यास, तो परत येतो. म्हणूनच करारात 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण विश्वात' असे शब्द घातलेले असतात. ते खोडा आणि तीन किंवा पाच वर्षांचा परवाना मागा. हस्तांतरण आणि परवाना यात विकणं आणि भाड्यानं देणं इतका फरक आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर रचनाकाराचा रॉयल्टीतला समान वाटा करारानं सोडून देता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

लेबल वाईटच असतं असं मुळीच नाही. चांगलं लेबल तुम्हाला जिथे पोचता येत नाही तिथे पोचवतं. पण बदलायला नकार आणि 'आजच सही हवी' हे दोन्ही एकत्र आलं तर नाही म्हणा.

१४. गिगचे पैसे बुडू नयेत म्हणून काय करायचं?

निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली स्टेजवर चढण्याआधी. व्हॉट्सॲपवर का होईना लेखी हवं: वेळ, रक्कम, प्रवास, राहणं, रद्द झाल्यास काय, स्टेजवर काय काय लागेल. संगीताचे परवाने काढणं ही आयोजकाची जबाबदारी आहे, तेही लिहा. उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद असतात. वर्षातले मोजके दिवस सोडले तर सवलत नसते. त्यामुळे गोव्यात किंवा पुण्याच्या बाहेरच्या लॉनवर तुमची वेळ साडेनऊची असेल तर तुमच्या वाट्याला अर्धाच तास आहे, हे आधी बोलून घ्या.

१५. परदेशातून डॉलर येतात. कर कसा?

अमेरिकी कंपनी पैसे देणार असेल तर डब्ल्यू-८बीईएन (W-8BEN) हा तिथल्या करासाठीचा अर्ज भरा. भारत-अमेरिका करारामुळे रॉयल्टीवरची कपात ३० ऐवजी १५ टक्के होते आणि तिचं श्रेय इथल्या करात मागता येतं. इथले आयोजक सहसा १० टक्के टीडीएस कापतात, तो तुमच्या पॅनवर जमा दिसतोय का ते पोर्टलवर बघत राहा. वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. सीएला पहिल्या वर्षीच गाठा.

१६. नोकरी कधी सोडू?

मी सहा वर्षं नोकरी करून रात्री काम केलं आणि त्याचा मला फायदाच झाला. घरभाड्यासाठी नको ते करार करावे लागले नाहीत, अपवाद तो प्रश्न १३ मधला. वर्षभराचा खर्च बाजूला आहे आणि सलग बारा महिने संगीतातून निम्मा पगार येतोय, असं झालं की सोडा. एका चांगल्या महिन्यावर सोडू नका.

१७. पाच वर्षांपूर्वीच्या ट्रॅकचे स्टेम (प्रत्येक वाद्याची वेगळी फाइल) मागताहेत आणि प्रोजेक्टच उघडत नाही. काय करू?

बहुधा एखादा प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडलेलं आवाजाचं छोटं सॉफ्टवेअर) बंद पडलाय. जुनी आवृत्ती दुसऱ्या लॅपटॉपवर टाकून बघा, बऱ्याचदा निघतं. माझं एकदा निघालं नाही आणि एका माहितीपटाचं काम गेलं. ट्रॅक माझा, हक्क माझे, पण संवादाखाली बसवायला त्यांना ढोल वेगळा हवा होता आणि तो मला काढून देता येईना.

तेव्हापासून ट्रॅक संपला त्याच रात्री प्रत्येक वाद्याची वेगळी वेव्ह फाइल पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत काढते. एका फोल्डरमध्ये स्टेम, मास्टर, शब्दांशिवायची आवृत्ती, ठोका आणि पट्टी लिहिलेली साधी टेक्स्ट फाइल, आयएसआरसी, लूपच्या पावत्या, वादकांची सही केलेली पानं. तो फोल्डर दोन हार्ड डिस्कवर. त्यातली एक माझ्याकडे आणि दुसरी आईकडे, साताऱ्याला, कपाटात दागिन्यांच्या डब्याशेजारी.